डोंगराजवळच्या स्वस्त, लहान गावात राहायला जायचंय. जाण्याआधी काय काय बघावं?

खिडकीबाहेर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळतंय ते एकदाचं इथे टाकते. नवऱ्याचं काम पूर्णपणे घरून चालतं, माझं निम्मं. शहरातलं भाडं दरवर्षी वाढतंय आणि शिल्लक जिथल्या तिथे. त्यामुळे डोंगराच्या पायथ्याशी एखाद्या लहान गावात मुक्काम हलवायचा हे जवळजवळ ठरलंय. सोबत आई असेल. वय ७४, गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत.

गावांची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा "तिकडे कशाला, आमच्याकडे या" अशी भरकटते. तीन जागा नजरेत आहेत:

पहिली खोल दरीत, नदीकाठी. सगळ्यांत स्वस्त.
दुसरी उताराच्या मध्यावर, जुन्या वस्तीत.
तिसरी ओढा डोंगरातून बाहेर पडतो तिथल्या सपाटीवर. नवीन प्लॉटिंग आहे, घरं छान आहेत.

भाडं तिन्हीकडे इथल्या निम्म्याहून कमी. ज्यांनी असा मुक्काम हलवलाय त्यांनी सांगा, काय तपासू? डोंगर बघून मन प्रसन्न होतं हे मान्यच आहे, त्याच्या पुढचं सांगा.

सरळवाट

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या घरीही हाच विषय रोज रात्री निघतो आणि भांडणावर संपतो.

मोजपट्टी

खिडकीबाहेर, काय तपासू हे नंतर. आधी हे विचारा की गाव स्वस्त का आहे. डोंगराजवळची जागा उगाच स्वस्त नसते, आणि कारण कळलं की निम्मा निर्णय होतो.

माझ्या हिशोबाने कारणं साधारण तीन. एक, रोजगार गेला. खाण बंद पडली, गिरणी बंद पडली, तरुण मंडळी उठून गेली. अशा ठिकाणी घरं भक्कम असतात, रस्ते असतात, फक्त माणसं नसतात. तुमचं काम घरून चालत असेल तर हे सगळ्यांत चांगलं कारण. दोन, पोहोचायला अवघड. ते तुम्हाला चालतंय की नाही ते तुम्ही ठरवा. तीन, जागेतच खोट आहे. पूर, दरड, पाणी नाही, ऊन नाही. ही खोट जाहिरातीत लिहीत नाहीत, पण गावातल्या जुन्या माणसांना पक्की ठाऊक असते.

पहिल्या प्रकारातली काही गावं तर माणसं यावीत म्हणून पैसे देतात. स्वित्झर्लंडमधल्या आल्बिनेन गावाने २०१७ साली तसं मतदान घेतलं. ४५ वर्षांखालच्या प्रत्येक प्रौढाला २५,००० फ्रँक आणि प्रत्येक मुलामागे १०,०००. बातमी जगभर फिरली आणि चौकशांचा पाऊस पडला. अटी मात्र कुणी वाचल्या नाहीत: घर किमान दोन लाख फ्रँकचं हवं, दहा वर्षं राहायला हवं, नाहीतर पैसे परत. शिवाय परदेशी माणसाला तिथला कायम वास्तव्याचा परवाना आधी लागतो. फुकटात मिळणाऱ्या डोंगराच्या कागदपत्रांचं शेवटचं पान नेहमी आधी वाचावं.

अजून एक. गाव उतरणीला लागलंय की सावरतंय हे कळायचं असेल तर शाळेत जा. पहिलीच्या वर्गात यंदा किती मुलं आणि पाच वर्षांपूर्वी किती, एवढं विचारा. तुम्हाला मूल नसलं तरी विचारा. शाळा बंद झाली की मागोमाग बस कमी होते, मग टपाल, मग दवाखाना.

उनाड_उंट

मोजपट्टी काका फॉर्मात. पुढचा भाग कधी?

निवांत_नानी

मी दरीतल्या गावात राहते, तुमच्या पहिल्या जागेसारख्याच. तेव्हा त्याबद्दल मीच सांगते.

जागा बघायला लोक येतात ते चांगल्या ऋतूत, भरदुपारी. नदी चमकत असते, कडे सोनेरी दिसतात, सगळे खूश होऊन जातात. हिवाळ्यात आमच्याकडे सूर्य उशिरा उगवतो आणि दुपारी दोनच्या सुमारास समोरच्या कड्यामागे जातो. दोरीवरचे कपडे संध्याकाळीही ओलेच असतात. उत्तरेकडच्या खोलीत कपाट भिंतीला टेकवून ठेवलं तर पंधरवड्यात मागे काळी बुरशी. आता वीतभर जागा सोडूनच ठेवते.

नॉर्वेत र्‍यूकान नावाचं गाव आहे, दरी इतकी अरुंद की सप्टेंबरच्या अखेरपासून मार्चपर्यंत गावात ऊनच पडत नाही. २०१३ साली त्यांनी डोंगरमाथ्यावर मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडलं. इटलीतल्या विगानेला गावाने तर ते २००६ सालीच केलं होतं. आरसे बसवण्यापर्यंत पाळी येते, यावरून उन्हाची किंमत ओळखा.

तुमच्या आईच्या गुडघ्यांसाठी ऊन हवं. पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात असाल तर दक्षिणेकडे तोंड असलेला उतार घ्या. दक्षिण गोलार्धात बरोबर उलट.

मोजपट्टी

नानींच्या मुद्द्यात भर घालतो. साधारणपणे वर जाऊ तसं थंड होत जातं, दर १,००० मीटरला सरासरी साडेसहा अंश. पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उलटं होतं. उतारावरची हवा गार होऊन जड होते, घरंगळत दरीच्या तळाला जाऊन साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. तळाशी दव गोठतं आणि जरा वरच्या उतारावर मात्र तितकी थंडी नसते. युरोपात द्राक्षमळे दरीच्या तळाऐवजी उतारावर दिसतात त्यामागे हेही एक कारण.

त्याच झाकणाखाली चुलींचा, शेकोट्यांचा, गाड्यांचा धूर अडकतो. डोंगरात गेलं म्हणजे शुद्ध हवा असं सरसकट समजू नका. थंडीतल्या सकाळी सात वाजता दरीकडे वरून बघा. तळाला निळसर थर दिसला तर समजून जा.

अर्धवट_अभियंता

तिसऱ्या जागेबद्दल वाचून राहवलं नाही.

ओढा डोंगरातून बाहेर पडतो तिथे ती "सपाटी" आली कुठून? ओढ्यानेच आणून टाकली. डोंगरात पाणी जोरात असतं, मोकळ्यावर आलं की वेग एकदम मंदावतो आणि सोबतचे दगडगोटे, वाळू, चिखल तिथेच पसरतात. वरून पाहिलं तर उघडलेल्या पंख्यासारखा आकार दिसतो. पंख्यावर ओढा कायम एकाच वाटेने वाहत नाही. वाट गाळाने भरली की पुढच्या मोठ्या पावसात तो दुसरी धरतो. आज कोरडा दिसणारा भाग हा त्याची जुनी किंवा पुढची वाट असू शकतो. आणि येतं ते नुसतं पाणी नसतं, गाडीएवढे दगड वाहून आणणारा चिखलाचा लोंढा असतो.

बिल्डरला ही जमीन आवडते कारण उतार सौम्य, खोदायला सोपी, आणि देखावा फुकट. तुम्ही एवढंच करा: प्लॉटभोवती फिरा आणि मोठे, एकटे पडलेले धोंडे शोधा. आजूबाजूला कडा नाही, मग हा धोंडा इथे आला कसा? त्याचं उत्तर ऐकूनच घर बघा. उपग्रहाचं चित्र उघडून पंख्याचा आकार आणि त्यावरच्या जुन्या वाटांच्या फिकट रेघाही बघता येतात.

दुसऱ्या जागेलाही डोळे झाकून हो म्हणू नका. उतार हळूहळू सरकत असेल तर खुणा असतात. झाडांचे बुंधे तळाशी वाकलेले आणि वर सरळ. विजेचे खांब कललेले. दारं चौकटीत अडकतायत. फरशीची भेग तिरकी भिंतीवर चढलेली. आधी नव्हता तिथे पाझर फुटलेला. यातली एखादी खूण कुठल्याही जुन्या घरात सापडेल, तीनचार एकत्र दिसल्या तर तिथून निघा.

जोशीमठ आठवा. जानेवारी २०२३ मध्ये घरांना तडे गेल्यावर सगळे धावले, पण ते गाव जुन्या भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावर वसलंय हे मिश्रा समितीने १९७६ सालीच लिहून ठेवलं होतं. जड बांधकामं करू नका असंही सांगितलं होतं.

खिडकीबाहेर

बाप रे. तिसरी जागा मला सगळ्यांत जास्त आवडली होती. अंगणात एक प्रचंड दगड आहे, मालक म्हणाला त्यावर बसून चहा घ्यायला मजा येते.

उनाड_उंट

दगड "आणि कंपनी" कधी येणार तेही विचारायचं ना मालकाला.

कडेकपारी

सगळ्यांचं वाचतोय. मी अशाच एका गावात जन्मलो, वाढलो, आणि अजून तिथेच राहतो. म्हणून जरा तिरकं बोलतो, राग मानू नका.

तुम्हाला निम्म्या भाड्यात मिळतं ते घर आमच्या पोरांना आता परवडत नाही. शहरातला पगार घेऊन चार कुटुंबं आली की घरमालक पाचव्या घराचं भाडं वाढवतो, आणि सहावं घर पर्यटकांना रात्रीच्या दराने देतो. २०२० नंतर घरून काम सुरू झालं तेव्हा जगभरच्या डोंगराळ गावांत हे घडलं. अमेरिकेतलं बोझमन घ्या. तिथे शिकवणाऱ्या, रुग्णालयात काम करणाऱ्या माणसांनाच गावात घर परवडेना. स्वित्झर्लंडने हे आधीच ओळखून २०१२ साली मतदान घेतलं आणि कुठल्याही गावात सुट्टीपुरती वापरायची घरं २० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत असं ठरवलं. हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कायद्यातलं ११८ वं कलम तर बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय जमीनच घेऊ देत नाही. बाहेरच्यांना हे नियम जाचक वाटतात. आम्हाला वाटत नाहीत.

येऊ नका असं म्हणत नाही. वर्षभर राहणारं माणूस आम्हाला हवंच आहे, कुलूपबंद बंगला नकोय. पण आल्यावर पहिल्या महिन्यात "इथे हे का नाही, ते का नाही" सुरू करू नका. आणि गावाची स्वयंसेवी कामं असतात, वणवा विझवायला जाणं, पाण्याची वाट साफ करणं, त्यात हजर राहा. ओळखी तिथे होतात.

सरळवाट

कडेकपारी, मुद्दा पटला, पण एक सांगा, घरमालक भाडं वाढवतो ते गावातलाच असतो ना? मग सगळा दोष येणाऱ्याच्या माथी का?

कडेकपारी

असतो की. माझा सख्खा चुलताच आहे. दोष वाटून घेऊ, हरकत नाही. पण त्याने पोराचं लग्न ठरल्यावर वरचा मजला द्यायचं कबूल केलं होतं, आणि आता तिथे सुट्टीतले पाहुणे राहतात. पोरगा तालुक्याला खोली घेऊन राहतो. हे मी रोज बघतो, म्हणून बोललो.

रात्रपाळी

रुग्णालयात काम करते, त्यामुळे माझं लक्ष सरळ "सोबत आई असेल" या वाक्यावर गेलं.

"जवळ दवाखाना आहे का" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. विचारायचं असं: रात्री दोन वाजता अर्धांगाचा झटका आला तर डोक्याचं सीटी स्कॅन कुठे होईल? मशीन तिथे चोवीस तास चालू असतं का, आणि ते वाचणारं माणूस असतं का? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यातून रुग्णवाहिका येणं, घाट उतरणं, दाखल होणं, स्कॅन हे सगळं वजा करा. नकाशावरचं अंतर काही सांगत नाही. भाड्याची गाडी करून रात्री खराब हवेत एकदा तो रस्ता पार करून बघा, आणि दरड किंवा बर्फामुळे तो रस्ता वर्षातून किती वेळा बंद होतो ते चालकांना विचारा.

उंचीबद्दल: १,५०० मीटरच्या आतबाहेर असाल तर बहुतेकांना काही जाणवत नाही. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट असतो. रक्तदाब आहे, तेव्हा आईंच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. ऊन थंड वाटलं तरी फसू नका, अतिनील किरणं दर १,००० मीटरला सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. मोतीबिंदूच्या वयात चांगला गॉगल हवाच.

आणि गुडघे! उतारावरचं गाव म्हणजे पायऱ्या. गुडघेदुखीत चढण्यापेक्षा उतरणं जास्त छळतं. घरापासून औषधाच्या दुकानापर्यंत आईंना स्वतः चालू द्या, तुम्ही मागून चाला. त्या परत येताना कुठे थांबतात ते बघा.

निवांत_नानी

रात्रपाळी, शंभर टक्के. आमच्या शेजारचे आजोबा पायऱ्यांमुळे घराबाहेर पडायचेच बंद झाले. घर सुंदर, आणि माणूस त्यात अडकलेला.

तारतम्य

कामाच्या बाजूने थोडं. इंटरनेट "आहे" हे ऐकून सही करू नका. लोक विसरतात ते असं की डोंगर आकाश झाकतो. खालच्या कक्षेतले उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यांच्या तबकडीला मोकळं आकाश लागतं. अरुंद दरीत उपग्रह कड्यामागे गेला की जोडणी तुटते, पुढचा आला की परत येते. बैठकीत बोलताना हे फार छळतं. जुन्या प्रकारचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर एका जागी असतात. तिथून सिग्नल जाऊन यायलाच अर्धा सेकंद लागतो, दोघंही एकाच वेळी बोलायला लागतात. मोबाइलचंही तेच, मनोरा डोंगरापलीकडे असेल तर जवळ असूनही उपयोग शून्य.

तेव्हा कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला, त्याच घरात बसून दोन तास व्हिडिओ कॉल करा. वीज गेल्यावर मनोरा किती वेळ तग धरतो तेही शेजाऱ्याला विचारा.

मोजपट्टी

"परवडतं" याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. भाडं वाचतं ते गाडी खाते. दोघांना दोन दिशांना जायचं असेल तर दुसरी गाडी लागतेच, आणि चढउतारावर ब्रेक, क्लच, टायर लवकर झिजतात. घर गरम ठेवायचा खर्च वेगळा. बर्फाचा प्रदेश असेल तर छप्पर बघा: ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो, पण ओला, बसलेला बर्फ ३०० किलोच्या वर जातो. मीटरभर थर साचला तर दर चौरस मीटरवर तेवढं वजन. दरड-पुराच्या पट्ट्यात विमा कंपनी नकार देते किंवा हप्ता असा सांगते की भाडं परत शहराएवढं होतं. खरं तर भाडं ठरवण्याआधी त्या पत्त्यावर विम्याचा भाव काढून बघा. तुमच्यापेक्षा त्यांनी जास्त अभ्यास केलेला असतो.

पाऊस कुठल्या बाजूला पडतो हेही. अमेरिकेत ऑलिंपिक पर्वतांच्या वाऱ्याकडच्या 'हो' नावाच्या खोऱ्यात वर्षाला ३,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच पर्वतांच्या आडोशाला असलेल्या स्क्विम गावात ४०० च्या आसपास. निवृत्त लोक स्क्विमला जातात ते त्यासाठीच. पण आडोशाला पाऊस कमी म्हणजे पाण्याची चिंता जास्त, तेव्हा उन्हाबरोबर नळाचंही बघा.

अर्धवट_अभियंता

पाण्यावरून आठवलं. झऱ्याचं पाणी असेल तर कोरड्या ऋतूच्या अगदी शेवटी जा. बादली आणि घड्याळ एवढंच लागतं. १५ लिटरची बादली पाच मिनिटांत भरली तर मिनिटाला तीन लिटर, दिवसाला ४,३२० लिटर. ऐकायला भरपूर. मग त्या झऱ्यावर किती घरं आहेत ते मोजा, आणि रात्रीचं पाणी साठवायला टाकी आहे का ते बघा. टाकी नसेल तर रात्रीचं सगळं पाणी झोपेतच वाहून जातं. वाटणीवरून भांडणं होतात का, हे कडेकपारी सांगतील.

कडेकपारी

होतात. पुढचा प्रश्न.

खिडकीबाहेर

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. इतकं खोलात कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

घरी बोलणं झालं. तिसरी जागा बाद. पहिलीही बाद, नानींचं कपाट डोळ्यांसमोरून जात नाही, आणि नवऱ्याच्या बैठका तिथे होणार नाहीत. राहिली दुसरी. विकत काही घ्यायचं नाही, भाड्यानेच राहायचं. आणि तेही गावाचा सगळ्यांत वाईट ऋतू असेल तेव्हा सुरुवात करून. शहरातलं घर तोवर सोडत नाही. दोन भाडी पडतील, पण थोडेच महिने. आईला पायऱ्या चालून दाखवल्या. वरच्या वळणावर ती बसली, म्हणून खालच्या गल्लीतलं घर बघतोय. सीटी स्कॅन पाऊण तासावर आहे, चोवीस तास. रात्रीचा रस्ता अजून करून बघायचा आहे.

अभियंता, एक शंका. त्या घराच्या मागे उतार कापून दगडी भिंत बांधली आहे, साधारण दोन पुरुष उंच. मालक म्हणतो नवीन आहे, काळजी नको. काय बघू?

अर्धवट_अभियंता

भिंत नवीन की जुनी यापेक्षा तिच्यामागचं पाणी कुठून बाहेर पडतं ते महत्त्वाचं. मातीत मुरलेलं पाणी अडलं की भिंतीवर ढकल वाढते, बऱ्याच भिंती त्यानेच पडतात. तळाजवळ आणि मध्ये ओळीने पाणी निघायची भोकं हवीत. चांगल्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी जा. भोकांतून स्वच्छ पाणी येत असेल तर छान. गढूळ येत असेल तर मागची माती धुपतेय. भोकं कोरडी आणि दगडांच्या सांध्यांतून ओल, तर भोकं तुंबली आहेत. शिवाय भिंत मध्ये पोट काढून पुढे आली आहे का, ते एका टोकाला उभं राहून, एक डोळा मिटून बघा.

खिडकीबाहेर

मागच्या वेळचे फोटो मोठे करून बघितले. पोट दिसत नाही. भोकं आहेत, पण खालच्या ओळीतली तीन सिमेंटने बुजवलेली वाटतात.

कडेकपारी

मागच्या अंगणात पाणी येऊन चिखल होतो, म्हणून बुजवतात. आमच्याकडेही करतात लोक.

अर्धवट_अभियंता

हो, तेच कारण असणार. मालकाला ती उघडायला सांगा आणि पाणी न्यायला तळाशी चर काढून घ्या. एका गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. ते झाल्यावरच अनामत द्या, आधी नको.